गतिवाचक इंग्रजी क्रियापदे व त्यांची शब्दयोगी अव्यये

महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ अन्वये मराठीस राज्याच्या राजभाषेचे स्थान प्राप्त झाले आणि ग्रामपंचायतीच्या ठरावापासून मंत्रालयातील टिप्पणीपर्यंतचा कारभार मराठीतून होऊ लागला. ही गोष्ट अभिमानाची आहे यात शंका नाही. तथापि त्यामुळे इंग्रजीशी असलेला कामकाजाचा संबंध सर्वस्वी संपला, असे मात्र झालेले नाही. उच्च न्यायालयात सादर करावयाची प्रतिज्ञापत्रे, बँका व विमा कंपन्या यांच्याशी होणारा बराचसा पत्रव्यवहार, परराज्यांतील अधिकाऱ्यांना पाठवावयाचे संदेश यांसाठी आजही इंग्रजीचा आश्रय घ्यावा लागतो. शिवाय २००० सालापासून राज्यातील मराठी शाळांत इयत्ता पहिलीपासूनच इंग्रजी हा विषय शिकविला जात असल्याने खेड्यापाड्यांतील प्राथमिक शिक्षकांवरही या भाषेच्या अध्यापनाची जबाबदारी येऊन पडली आहे.

इंग्रजी लिहिताना आपल्याकडील सुशिक्षित मनुष्य मोठमोठ्या शब्दांपाशी सहसा अडत नाही. तो अडतो ते 'टु', 'इन', 'अ‍ॅट', 'फॉर', 'बाय' अशा दोन-तीन अक्षरी शब्दांपाशी. त्यातही जाणे, येणे, निघणे, पोहोचणे, चढणे, पडणे अशा गतिवाचक क्रियापदांपुढे कोणते शब्दयोगी अव्यय योजावे, हा प्रश्न वारंवार पडतो. ही केवळ व्याकरणाची बारकाई आहे असे समजून पुष्कळजण तिच्याकडे दुर्लक्ष करतात. परंतु या लहान शब्दांवर कधी कधी फार मोठ्या गोष्टी अवलंबून असतात.

एक उदाहरण घेऊ. पंचगंगा नदी नरसोबाच्या वाडीजवळ कृष्णेस मिळते आणि कृष्णा पुढे कर्नाटकात जाते. पुराच्या दिवसांत अलमट्टी धरणातून होणाऱ्या विसर्गाबाबत दोन्ही राज्यांच्या अधिकाऱ्यांना परस्परांशी संपर्क ठेवावा लागतो. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यापाशी ३९ फूट ही पंचगंगेची इशारा पातळी व ४३ फूट ही धोक्याची पातळी मानली जाते. समजा, पाणी ४० फुटांवरून ४३ फुटांवर गेले. हे इंग्रजीत दोन प्रकारे सांगता येईल. 'द वॉटर रोज बाय थ्री फीट' म्हणजे पाणी तीन फुटांनी चढले. 'द वॉटर रोज टु फॉर्टी-थ्री फीट' म्हणजे पाणी ४३ फुटांपर्यंत चढले. 'बाय' किती वाढ झाली ते सांगते, 'टु' वाढ कोठवर गेली ते सांगते. आता घाईत कोणी 'रोज टु थ्री फीट' असे लिहिले, तर वाचणाऱ्याच्या दृष्टीने नदीत अवघे तीन फूट पाणी आहे असा अर्थ होईल. व्याकरणाच्या दृष्टीने हे वाक्य निर्दोष आहे, आणि म्हणूनच ते अधिक धोक्याचे आहे. कारण वाचणाऱ्यास त्यात चूक असल्याची शंकाही येणार नाही.

असे प्रमाद का होतात आणि ते कसे टाळता येतील, याचे थोडक्यात विवेचन करण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

मराठीची रीत व इंग्रजीची रीत

मराठीत शब्दयोगी अव्यये व विभक्तीचे प्रत्यय नामाच्या मागून येऊन त्यास जोडले जातात: घरात, झाडावर, नदीपलीकडे, पुण्याहून. इंग्रजीत हे शब्द नामाच्या अगोदर स्वतंत्रपणे येतात. हा फरक सर्वांच्या लक्षात येतो. परंतु त्याहून महत्त्वाचा दुसरा फरक आहे आणि खरी अडचण तेथेच आहे.

मराठीत एकच प्रत्यय स्थिती व गती या दोहोंसाठी चालतो. 'तो मुंबईला राहतो' आणि 'तो मुंबईला गेला' या दोन्ही वाक्यांत 'ला' आहे. 'मुले वर्गात आहेत' आणि 'मुले वर्गात गेली' या दोन्ही वाक्यांत 'त' आहे. 'मांजर भिंतीवर बसले आहे' आणि 'मांजर भिंतीवर चढले' येथेही 'वर' तेच. राहणे आहे की जाणे आहे, बसणे आहे की चढणे आहे, ते क्रियापदावरून कळते. म्हणून प्रत्यय बदलण्याचे मराठीस कारण पडत नाही.

इंग्रजीची रीत पुष्कळ अंशी याच्या उलट आहे. तेथे क्रियापद बहुधा हालचाल कोणत्या प्रकारची झाली एवढेच सांगते आणि ती कोठून, कोणत्या मार्गाने व कोठवर झाली हे सांगण्याचे काम शब्दयोगी अव्ययावर सोपविते. आपण म्हणतो, 'त्याने नदी पोहून पार केली.' येथे 'पार करणे' हे मुख्य क्रियापद असून 'पोहून' हा शब्द केवळ रीत सांगतो. इंग्रजीत हेच 'ही स्वॅम अक्रॉस द रिव्हर' असे होते. येथे पोहणे हे मुख्य क्रियापद झाले आणि 'पार' हा अर्थ 'अक्रॉस' या अव्ययाकडे गेला. 'ती धावत खोलीबाहेर आली' याचे इंग्रजी 'शी रॅन आउट ऑफ द रूम' असे होते. 'येणे' हे क्रियापद तेथे उरतच नाही. गतीचा मार्ग क्रियापदात सांगावयाचा की त्याच्या सोबतच्या लहान शब्दात, या दृष्टीने लिओनार्ड टाल्मी या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९८५ साली निरनिराळ्या भाषांची तुलना मांडली होती. त्या तुलनेत स्पॅनिश भाषा पहिल्या प्रकारात पडते, तर इंग्रजी दुसऱ्या प्रकारात.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. 'ला' म्हणजे 'टु', 'त' म्हणजे 'इन', 'वर' म्हणजे 'ऑन' अशी कोष्टके पाठ करून भागणार नाही. मराठी प्रत्यय बाजूस ठेवून प्रत्यक्ष हालचाल कशी झाली, हे डोळ्यांपुढे आणावे आणि तिच्यासंबंधी पुढील चार प्रश्न स्वतःस विचारावेत.

पहिला प्रश्न : आत होते की आत गेले?

'गुरे शेतात धावली' या मराठी वाक्याचे दोन अर्थ संभवतात. गुरे अगोदरपासूनच शेतात होती आणि तेथल्या तेथे धावली, हा एक अर्थ. गुरे बाहेर होती आणि धावत शेतात शिरली, हा दुसरा. इंग्रजीत पहिल्या अर्थी 'द कॅटल रॅन इन द फील्ड' आणि दुसऱ्या अर्थी 'द कॅटल रॅन इंटू द फील्ड' असे म्हणावे लागते. 'इन' स्थान दाखविते. 'इंटू' हद्द ओलांडून आत जाणे दाखविते. गुरांच्या अतिक्रमणासंबंधीच्या १८७१ च्या कायद्याने कोंडवाड्याची व्यवस्था घालून दिली. शेतमालकाच्या तक्रारीत 'गुरे हद्द ओलांडून आत शिरली' हाच मुद्दा असतो. त्याच्या इंग्रजी अनुवादात 'इन' पडले, तर तक्रारीचा कणाच नाहीसा होतो.

'ऑन' व 'ऑन्टू' यांचाही संबंध असाच आहे. 'ही वॉक्ड ऑन द स्टेज' म्हणजे तो रंगमंचावर चालत होता. 'ही वॉक्ड ऑन्टू द स्टेज' म्हणजे तो चालत रंगमंचावर आला. येथे एक सवलत लक्षात ठेवावी. ठेवणे, टाकणे, पडणे यांसारख्या क्रियापदांचा अर्थ मुळातच इतका स्पष्ट असतो की त्यांच्यापुढे साधे 'इन' वा 'ऑन' चालते. 'पुट द पेपर्स इन द ड्रॉवर' किंवा 'पुट द बुक ऑन द टेबल' ही वाक्ये शुद्धच आहेत. संदिग्धता संभवत असेल, तेथे मात्र 'इंटू' व 'ऑन्टू' यांचाच वापर करावा.

दुसरा प्रश्न : ठिकाणाकडे कोणत्या दृष्टीने पाहिले आहे?

इंग्रजी भाषा ठिकाणाचे तीन प्रकार कल्पिते: बिंदू, पृष्ठभाग आणि अंतर्भाग. नकाशावरील ठिपक्याप्रमाणे पाहिले तर 'अ‍ॅट', पृष्ठभाग म्हणून पाहिले तर 'ऑन', आणि चारी बाजूंनी वेढलेली जागा म्हणून पाहिले तर 'इन'.

'अराइव्ह' या क्रियापदाबाबत हा भेद विशेष उपयोगी पडतो. या शब्दाचे मूळ लॅटिन भाषेत असून त्यात 'रिपा' म्हणजे किनारा हा शब्द दडलेला आहे. म्हणजे मूळ अर्थ आपल्या 'किनाऱ्याला लागणे' यासारखाच. पोहोचण्याचा अर्थ क्रियापदातच पूर्ण झाला असल्याने त्यापुढे 'टु' येत नाही. कोठे लागला एवढेच सांगावयाचे राहते. शहर, जिल्हा, राज्य, देश यांसाठी 'अराइव्ह इन' आणि स्थानक, कार्यालय, शाळा, सभास्थान यांसाठी 'अराइव्ह अ‍ॅट' असा प्रघात आहे. 'द मिनिस्टर अराइव्ह्‌ड इन नाशिक' आणि 'द मिनिस्टर अराइव्ह्‌ड अ‍ॅट द सर्किट हाउस' ही दोन्ही वाक्ये शुद्ध होत. 'अराइव्ह्‌ड टु नाशिक' हे मात्र मराठी 'ला'चे ओझे वाहणारे अशुद्ध इंग्रजी होय.

वाहनात बसण्याचेही असेच आहे. आपण बसमध्ये चढतो आणि मोटारीत बसतो. इंग्रजीत बस, आगगाडी, जहाज, विमान यांसाठी 'गेट ऑन' व उतरण्यासाठी 'गेट ऑफ' म्हणतात. मोटार, टॅक्सी व रिक्षा यांसाठी 'गेट इंटू' व 'गेट आउट ऑफ' म्हणतात. ज्या वाहनात उभे राहून चालता येते त्यास 'ऑन', ज्यात वाकून शिरावे लागते त्यास 'इंटू', अशी खूण लक्षात ठेवल्यास सहसा चूक होत नाही. सायकल व घोडा यांवर तर आपण मराठीतही 'वर'च बसतो. तेथे 'ऑन' व 'ऑफ' हे ओघानेच येते.

तिसरा प्रश्न : तेथे पोहोचला, की केवळ त्या दिशेने गेला?

मराठीतील 'कडे' हे अव्यय फार सोयीचे आहे, परंतु भाषांतरकारास ते फसविते. 'तो डॉक्टरांकडे गेला' म्हणजे तो डॉक्टरांना जाऊन भेटला. 'तो नदीकडे गेला' म्हणजे तो नदीच्या दिशेने गेला. नदीपर्यंत पोहोचला की नाही, ते या वाक्यावरून निश्चित होत नाही. इंग्रजीत पहिल्यास 'टु' आणि दुसऱ्यास 'टुवर्ड्‌स' योजावे लागते. एखाद्या साक्षीदाराने 'आरोपी घराकडे गेला' असे मराठीत सांगितले, आणि अनुवादकाने 'वेंट टु द हाउस' असे लिहिले, तर साक्षीदाराने जे पाहिलेच नाही ते त्याच्या तोंडी घातल्यासारखे होते. अशा ठिकाणी 'टुवर्ड्‌स' हाच निर्वेध शब्द होय.

'टु' आणि 'अ‍ॅट' यांतील भेद याहून गंभीर आहे. 'ही थ्रू द बॉल टु द बॉय' म्हणजे मुलाने झेलावा म्हणून त्याच्याकडे चेंडू टाकला. 'ही थ्रू अ स्टोन अ‍ॅट द बॉय' म्हणजे मुलाला लागावा या हेतूने दगड मारला. 'ही रॅन टु द सरपंच' म्हणजे तो सरपंचांकडे धावत गेला, कदाचित मदतीसाठी. 'ही रॅन अ‍ॅट द सरपंच' म्हणजे तो सरपंचांच्या अंगावर धावून गेला. एकाच लहान शब्दाने साहाय्य मागणारा मनुष्य हल्लेखोर ठरतो.

'फॉर' हे अव्यय प्रयाणाचे उद्दिष्ट दाखविते. 'लीव्ह' या क्रियापदाच्या बाबतीत त्याचे महत्त्व अनन्यसाधारण आहे. 'आय लेफ्ट नाशिक अ‍ॅट नाइन' म्हणजे मी नऊ वाजता नाशिक सोडले. 'आय लेफ्ट फॉर नाशिक अ‍ॅट नाइन' म्हणजे मी नऊ वाजता नाशिकला जाण्यास निघालो. एका 'फॉर'ने प्रवासाची दिशा नेमकी उलट होते. दौऱ्याच्या दैनंदिनीत व प्रवासभत्त्याच्या देयकात इंग्रजी नोंद करणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. दोन्ही ठिकाणे सांगावयाची असल्यास 'आय लेफ्ट पुणे फॉर नाशिक' असे लिहावे. त्यात संशयास जागा राहत नाही.

'सेंड' या क्रियापदाचीही अशीच दोन रूपे आहेत. 'वुई सेंट हिम टु द डॉक्टर' म्हणजे आम्ही त्याला डॉक्टरांकडे पाठविले. 'वुई सेंट फॉर द डॉक्टर' म्हणजे आम्ही डॉक्टरांना बोलावणे पाठविले. पहिल्या वाक्यात रुग्ण जातो, दुसऱ्यात डॉक्टर येतात.

चौथा प्रश्न : कोणत्या वाटेने?

मराठीत 'ऊन' व 'वरून' हे मार्ग दाखविणारे प्रत्यय अनेक कामे करतात. 'मिरवणूक शाळेवरून गेली' आणि 'विमान शाळेवरून गेले' या वाक्यांत शब्द तेच आहेत. परंतु मिरवणूक शाळेच्या समोरून गेली आणि विमान शाळेच्या माथ्यावरून गेले, हे आपणास सहज उमगते. इंग्रजीत मिरवणुकीसाठी 'पास्ट द स्कूल' आणि विमानासाठी 'ओव्हर द स्कूल' असेच म्हटले पाहिजे. 'गाडी पुलावरून गेली' याचे इंग्रजी 'ओव्हर द ब्रिज' वा 'अक्रॉस द ब्रिज'. परंतु 'गाडी पुलावरून पडली' याचे 'ऑफ द ब्रिज'. त्याचप्रमाणे 'तो जंगलातून गेला' म्हणजे 'थ्रू द फॉरेस्ट'. आणि 'वाघ जंगलातून बाहेर आला' म्हणजे 'आउट ऑफ द फॉरेस्ट'.

मार्ग दाखविणाऱ्या प्रमुख अव्ययांचे अर्थ थोडक्यात असे सांगता येतील. 'अक्रॉस' म्हणजे एका बाजूकडून दुसऱ्या बाजूस, आडवे. 'अलाँग' म्हणजे लांबीच्या दिशेने, कडेकडेने. 'थ्रू' म्हणजे आतून पार. 'ओव्हर' म्हणजे वरून व 'अंडर' म्हणजे खालून. 'पास्ट' म्हणजे समोरून वा शेजारून पुढे. 'राउंड' म्हणजे वळसा घालून.

पंचायत सदस्यांना जवळचे वाटेल असे एक उदाहरण येथे देणे अप्रस्तुत ठरणार नाही. पाणीपुरवठा योजनेची नळवाहिनी मुख्य रस्त्याच्या हद्दीतून न्यावयाची असेल, तर त्यासाठी संबंधित यंत्रणेची परवानगी घ्यावी लागते. इंग्रजी अर्जात 'द पाइपलाइन विल रन अलाँग द रोड' असे लिहिले, तर वाहिनी रस्त्याच्या कडेने लांबवर जाणार असा अर्थ होतो. 'अक्रॉस द रोड' लिहिले, तर ती रस्ता आडवा ओलांडणार. 'अंडर द रोड' लिहिले, तर ती रस्त्याच्या खालून जाणार. खोदाई किती, रस्ता फोडावा लागणार की नाही, वाहतूक थांबणार की नाही, हे सारे त्या एका शब्दावरून वाचणारा ठरवितो. नळ स्वतः चालत नाही; तरीही त्याच्या वाटेचे वर्णन इंग्रजी भाषा गतिवाचक क्रियापदानेच करते, हेही येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

ज्यांना अव्ययाची गरज नाही

काही क्रियापदांच्या पोटात मार्गाचा अर्थ अगोदरच सामावलेला असतो. अशा क्रियापदांपुढे अव्यय लावणे म्हणजे भरल्या माठात पुन्हा पाणी ओतणे होय. 'रीच', 'एंटर', 'अप्रोच', 'क्रॉस' ही यांतील प्रमुख क्रियापदे. 'रीच्ड मुंबई' म्हणावे, 'रीच्ड टु मुंबई' म्हणू नये. 'वॉटर एंटर्ड द व्हिलेज' म्हणावे, 'एंटर्ड इन द व्हिलेज' म्हणू नये. 'अप्रोच द कलेक्टर' म्हणावे, 'अप्रोच टु द कलेक्टर' म्हणू नये. मात्र 'एंटर इंटू' हा प्रयोग करारासारख्या अमूर्त गोष्टींच्या बाबतीत रूढ आहे. 'एंटर इंटू अ‍ॅन अ‍ॅग्रीमेंट' म्हणजे करार करणे. गावात पाणी शिरते ते 'इंटू'वाचून. करारात पक्ष शिरतात ते 'इंटू'सह, असे हे गमतीचे परंतु पक्के रूढीचे बंधन आहे.

त्याचप्रमाणे 'होम', 'हिअर', 'देअर', 'अब्रॉड', 'अपस्टेअर्स' हे शब्द गतिवाचक क्रियापदांपुढे आले असता त्यांच्यात दिशेचा अर्थ असतोच. म्हणून 'गो होम', 'कम हिअर', 'वेंट अब्रॉड' असे म्हणावे, मध्ये 'टु' घालू नये. 'रिटर्न' या क्रियापदात 'परत' हा अर्थ आलेलाच आहे. तेव्हा 'रिटर्न बॅक' ही द्विरुक्ती होते. स्थानाचा उल्लेख असल्यास 'रिटर्न्ड टु ठाणे' किंवा 'रिटर्न्ड फ्रॉम ठाणे' असे लिहावे.

कचेरीच्या व्यवहारातील काही क्रियापदे

बदली, नेमणूक व रुजू होणे यांसंबंधीच्या इंग्रजी मजकुरात पुढील भेद उपयोगी पडतील. 'ट्रान्सफर' या क्रियापदाबरोबर 'फ्रॉम' व 'टु' ही जोडी येते: 'शी वॉज ट्रान्सफर्ड फ्रॉम अकोला टु वाशिम'. 'पोस्टेड टु वाशिम' म्हणजे वाशिमला पाठविण्यात आले. येथे हालचाल आहे. 'पोस्टेड अ‍ॅट वाशिम' म्हणजे वाशिम येथे नेमणुकीवर आहे. येथे स्थिती आहे. 'रिपोर्ट' हे क्रियापद तीन अव्यये घेते आणि तिन्हींचे काम वेगवेगळे असते. कोणापुढे हजर व्हावयाचे ते 'टु' सांगते, कोठे ते 'अ‍ॅट' सांगते, कशासाठी ते 'फॉर' सांगते: 'रिपोर्ट टु द तहसीलदार अ‍ॅट द तालुका ऑफिस फॉर इलेक्शन ड्यूटी'.

वाहनाने जाण्यासाठी 'बाय बस', 'बाय ट्रेन' असे म्हणतात, परंतु पायी जाण्यास 'ऑन फुट' म्हणतात. अपघाताच्या वृत्तांतात 'रन' या क्रियापदापुढील अव्यय जपून वापरावे. 'द ट्रक रॅन इंटू अ ट्री' म्हणजे मालमोटार झाडावर आदळली; 'द ट्रक रॅन ओव्हर अ डॉग' म्हणजे ती कुत्र्याच्या अंगावरून गेली; 'द ट्रक रॅन ऑफ द रोड' म्हणजे ती रस्ता सोडून बाहेर गेली.

चढउताराच्या आकड्यांबाबत लेखाच्या आरंभी सांगितलेला नियम सर्वत्र लागू पडतो. पाण्याची पातळी, भाव, पटसंख्या, लसीकरणाचे प्रमाण यांपैकी काहीही असो, फरक सांगताना 'बाय', शेवटचा आकडा सांगताना 'टु' आणि आरंभीचा आकडा सांगताना 'फ्रॉम' योजावे. महत्त्वाच्या संदेशात तिन्ही दिल्यास उत्तम: 'रोज बाय थ्री फीट, फ्रॉम फॉर्टी टु फॉर्टी-थ्री'. असे लिहिल्याने एखाद्या शब्दात चूक झाली तरी आकड्यांचा मेळ बसत नाही आणि वाचणाऱ्याच्या ती तत्काळ नजरेस येते.

शिक्षकांसाठी दोन शब्द

वर्गात ही अव्यये शिकविताना मराठी प्रतिशब्दांची यादी फळ्यावर लिहून देण्याचा मोह टाळावा. 'इंटू म्हणजे मध्ये' असे एकदा मनावर ठसले की ते पुसणे कठीण जाते. त्याऐवजी प्रत्यक्ष हालचालीचा उपयोग करावा. शाळेच्या पटांगणात फक्कीने गावाचा नकाशा आखावा. त्यात नदी, पूल, शाळा, चावडी, बाजार, विहीर ही ठिकाणे दाखवावीत. एका विद्यार्थ्याने चालावे आणि इतरांनी त्याच्या हालचालीचे इंग्रजीत वर्णन करावे: 'शी इज वॉकिंग अलाँग द रिव्हर', 'शी इज वॉकिंग अक्रॉस द ब्रिज', 'शी इज गोइंग पास्ट द स्कूल', 'शी इज गोइंग इंटू द मार्केट'. नंतर उलट क्रम घ्यावा. शिक्षकांनी वाक्य म्हणावे व विद्यार्थ्याने त्याप्रमाणे चालावे. 'टुवर्ड्‌स' ऐकून जो विद्यार्थी ठिकाणापर्यंत न जाता मध्येच थांबतो, त्याला तो शब्द समजला असे खुशाल मानावे. या पद्धतीस कोणतेही खर्चिक साहित्य लागत नाही आणि एका शिक्षकाला दोन वर्ग सांभाळावे लागतात अशा शाळेतही ती अमलात आणता येते.

क्रियापद शिकविताना ते एकटे शिकवू नये, अव्ययासह शिकवावे. 'अराइव्ह' हा शब्द वहीत उतरून घेताना 'अराइव्ह अ‍ॅट, अराइव्ह इन' असाच उतरावा आणि 'रीच'पुढे 'अव्यय नाही' अशी खूण करावी. कार्यालयांतील लिपिक व अनुवादक यांनीही अशी छोटी वही जवळ बाळगल्यास तिचा लाभ होईल.

स्वाध्याय

वाचकांनी पुढील वाक्यांचे इंग्रजी करताना कोणते अव्यय योजावे, याचा विचार करावा व नंतर उत्तरे पाहावीत.

१. मिरवणूक ग्रामपंचायतीवरून गेली.
२. विहिरीचे पाणी दोन मीटरने उतरले.
३. सरपंचांनी पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना बोलावणे पाठविले.
४. पथक सायंकाळी नंदुरबारला पोहोचले. येथे 'रीच' हे क्रियापद वापरावे.
५. तेच वाक्य 'अराइव्ह' हे क्रियापद वापरून लिहावे.
६. मुलगी सायकलवरून पडली.
७. गुरे कुंपण मोडून शेतात गेली.
८. तहसीलदार दुपारी दोन वाजता धुळ्याला जाण्यास निघाले.

उत्तरे : १. 'पास्ट'. २. 'बाय'. ३. 'सेंट'पुढे 'फॉर'. ४. अव्यय नाही. ५. 'इन'. ६. 'ऑफ'. ७. 'इंटू'. ८. 'लेफ्ट'पुढे 'फॉर'.

ज्यांची एक-दोन उत्तरे चुकली असतील, त्यांनी त्या वाक्यातील मराठी प्रत्यय क्षणभर विसरून ती हालचाल कागदावर बाणाने काढून पाहावी. बाण कोठून निघाला, कशावरून वा कशातून गेला आणि कोठे थांबला, हे एकदा कागदावर आले की योग्य अव्यय सापडण्यास सहसा वेळ लागत नाही. महत्त्वाचा संदेश, तक्रार अथवा अर्ज इंग्रजीतून पाठविण्यापूर्वीही हा बाण एकदा काढून पाहावा. त्यास लागणारा वेळ फार नाही आणि त्यामुळे टळणारा घोटाळा मात्र मोठा असू शकतो.